चंद्राच्या अंगरख्याचं बटण

बाळगोपाळांनो, एका जंगलावरच्या आभाळाला भोक पडलं होतं. फार मोठं नाही. सदऱ्याच्या खिशाला असतं तेवढंच. पण खिशाला भोक पडलं की काय होतं, ते तुम्हाला मी सांगायला नको. तुमच्या गोट्या कुठे जातात ते आठवा.

तसंच तिथे व्हायचं. आभाळातल्या लोकांचं काहीबाही त्या भोकातून गळायचं आणि जंगलात येऊन पडायचं. पडायचं ते सगळं बिनकामाचं. कामाच्या वस्तू ते लोक कनवटीला लावत असावेत.

जंगलातले प्राणी त्या वस्तूंकडे बघायचे नाहीत. हरणं वरून उडी मारून जायची. हत्ती वरून नुसताच जायचा. एकटा जनूभाऊ साळिंदर त्या वस्तू गोळा करायचा.

गोळा करायचा म्हणजे तो नुसता चालायचा. वस्तू त्याच्या काट्यांना आपोआप अडकायच्या. संध्याकाळी बिळासमोर येऊन तो अंग झटकायचा आणि काय काय पडलं ते नाक लावून बघायचा. त्याला दिसायचं जरा कमी. पण मन असं निर्मळ की चिखलात लोळून आलं तरी मळायचं नाही.

"हे काय आहे कोण जाणे," तो म्हणायचा. "असू दे. गोड आहे."

त्याच्याकडे वाऱ्याची फणी होती. तिचे मधले दात पडलेले. म्हणून त्या जंगलातलं गवत दोन्ही बाजूंनी चापूनचोपून विंचरलेलं आणि मध्ये भुस्स असायचं.

एक शिट्टी होती. आज वाजवली की उद्या ऐकू यायची. एका माकडाने ती फुंकली, काहीच आवाज आला नाही म्हणून फेकून दिली, आणि दुसऱ्या दिवशी गाढ झोपेत असताना तिच्याच आवाजाने दचकून फांदीवरून खाली आलं.

एका बाटलीत कोणाची तरी उचकी होती. बूच काढलं की बाहेर यायची, एकदा 'हिक्' करायची आणि लाजून पुन्हा आत जायची.

आणि गाठ मारलेला एक रुमाल होता. काहीतरी विसरू नये म्हणून कोणीतरी मारलेली गाठ. सांबराने ती सोडून बघितली. त्याला एकदम आठवलं, की सुमनआत्याकडे चकल्या पोचवायच्या राहिल्या. त्याला आत्या नव्हती. चकली म्हणजे काय तेही ठाऊक नव्हतं. तरी बिचारं पुढे कितीतरी दिवस कासावीस होऊन फिरत होतं. शेवटी जनूभाऊने गाठ परत मारली तेव्हा त्याला झोप लागली.

असं सगळं आनंदात चाललं होतं. मग एक दिवस मुंगूसपंत आले.

मुंगूसपंत म्हणजे त्या जंगलातले विद्वान. ते विद्वान कसे झाले, असं तुम्ही विचाराल. एकदा त्यांचा एका नागाशी वाद झाला होता. त्यानंतर तो नाग कोणालाच दिसला नाही. म्हणजे पंतांचं म्हणणं बरोबर असणार, असं सर्वांनी ठरवलं.

पंतांनी जनूभाऊचं बीळ पाहिलं आणि नाक मुरडलं.

"जनूभाऊ, वस्तू अशा उघड्याबोडक्या ठेवतोस? त्यांना वर्णन नको?"

"कशाला?"

"वर्णन नसलं की ती अडगळ. वर्णन असलं की तो ठेवा."

जनूभाऊला अडगळ आणि ठेवा यांतला फरक कळला नाही. पण पाहुणा म्हणतोय तर असेल, म्हणून त्याने मान हलवली. मान हलवताना चार काटे पंतांच्या शेपटीला लागले. पंतांनी ते विद्वत्तेने सहन केले.

पंतांची वर्णन करायची रीत मोठी नामी होती. ते डोळे मिटायचे, नाक आभाळाकडे करायचे आणि बोलायला लागायचे. वस्तूकडे बघायचे नाहीत. "बघितलं की वर्णन बिघडतं," ते म्हणायचे. मग पळसाच्या पानावर नखाने वर्णन कोरून ते वस्तूपुढे लावायचे.

उचकीच्या बाटलीपुढे पान लागलं : 'ब्रह्मदेवाला पृथ्वीची आठवण आली तेव्हाची. त्यानंतर आलेली नाही.' शिट्टीपुढे लागलं : 'उद्याच्या पोलिसाची.' त्या जंगलात पोलीस म्हणजे काय ते कोणालाच माहीत नव्हतं. म्हणून ते पान सर्वांत भारी समजलं गेलं.

आणि बाळांनो, जे प्राणी वस्तूवरून उडी मारून जायचे ते आता पान वाचायला रांग लावून उभे राहू लागले. ससे आले, रानडुकरं सहकुटुंब आली. रांगेला वळण लावायला पंतांनी दारात घोरपडबाई बसवली. ती कोणाला काही बोलायची नाही. एकदा जीभ बाहेर काढून आत घ्यायची, की रांग सुतासारखी सरळ व्हायची.

गर्दीने जनूभाऊ खूश झाला. आपल्याला जे गोड वाटतं ते इतरांनाही वाटतं, याचा त्याला फार आनंद होता. आता तो दुप्पट चालायला लागला.

असाच एकदा तो माळाच्या कडेला, उंच गवतात पोचला.

त्या गवतात ठकूबाई नावाची लावी राहायची. लावी म्हणजे मुठीएवढा पक्षी. मातीच्या रंगाचा, उडायचा कंटाळा करणारा आणि पळण्यात पटाईत. दुसऱ्या लाव्या अंड्यांचा ढीग घालतात. ठकूबाईने यंदा एकच घातलं होतं. पण काय घातलं होतं म्हणता. मलईच्या रंगावर तपकिरी शिंतोडे, आणि वर अशी झळाळी की ठकूबाई स्वतःच मधून मधून उठून त्याच्याकडे बघायची.

त्या दिवशी ती वाळवी खायला दोन पावलं बाजूला गेली. परत आली तर घरटं रिकामं. शेजारी साळिंदराचा एक काटा पडलेला.

झालं असं, की जनूभाऊने ते अंडं पाहिलं. त्याला धूसर, गोल आणि चमकणारं असं काहीतरी दिसलं. "हेही वरूनच गळलेलं दिसतंय," तो म्हणाला. "असू दे. गोड आहे." काट्यांना अडकवलं तर ओरखडा येईल, म्हणून त्याने ते करवंटीत शेवाळ घालून, अगदी जपून नेलं. चोरी इतक्या मायेने क्वचितच होते.

बिळात पंत डोळे मिटून तयारच होते.

"गोल आहे?" त्यांनी विचारलं.

"गोलसर."

"गुळगुळीत?"

"फार."

पंतांनी नाक आभाळाकडे केलं. "हे चंद्राच्या अंगरख्याचं बटण आहे. हे तुटल्यापासून त्याचा अंगरखा नीट बसत नाही. म्हणून तो कधी भरलेला दिसतो आणि कधी अंगावरून सगळा घसरलेला."

जमलेल्या प्राण्यांच्या अंगावर काटा आला. जनूभाऊच्या अंगावर तो आधीच होता.

आता तुम्हाला एक गोष्ट सांगायची राहिली. मुंगूसपंतांना जगात सर्वांत जास्त काय आवडायचं? अंडी. आणि दारातल्या घोरपडबाईला? तिलाही अंडीच. पंतांनी नुसता एक डोळा किलकिला केला असता तरी बटण तिथल्या तिथे संपलं असतं. पण वर्णन बिघडलं असतं ना.

ठकूबाई काट्यांचा माग काढत बिळापाशी आली. रांगेत घुसली, सशांच्या पायांखालून पळाली आणि आत जाऊन बघते तो काय. शेवाळाच्या गादीवर तिचं अंडं. भोवती घोळका. पुढे पळसाचं पान. 

"हे माझं अं—" ती ओरडली.

 पंतांनी डोळे न उघडता कान टवकारले. दारातून घोरपडबाईची जीभ आत आली आणि थांबली.

"अं काय?" पंतांनी विचारलं.

ठकूबाईने त्यांचे दात पाहिले. घोरपडबाईची जीभ पाहिली. लावीचं डोकं वाटाण्याएवढं असतं, पण त्या क्षणी ते भराभर चाललं.

"अं... अंगरख्याचं," ती म्हणाली. "माझं अंगरख्याचं वेड मला इथे घेऊन आलं, पंत. चंद्राच्या अंगरख्याचं बटण ते हेच ना?"

"हेच," पंत म्हणाले, आणि कान पाडले.

"मग हे असं गार का ठेवलंय? चंद्राची बटणं गार पडली की विझतात. आमच्या घराण्यात ती शेकायची परंपरा आहे."

पंतांना आपल्या वर्णनात दुसऱ्याने घातलेली भर आवडायची नाही. पण भर चांगली होती. "ते मी पुढच्या पानावर लिहिणारच होतो," ते म्हणाले. "शेक."

अशी ठकूबाई आपल्याच अंड्यावर नोकरीला लागली.

आता अडचण अशी झाली, की लोक बटण बघायला यायचे आणि त्यांना लावी दिसायची. कुरकुर सुरू झाली. पंतांनी लगेच एक पान कोरून ठकूबाईच्या गळ्यात अडकवलं : 'चंद्राच्या बटणाची मऊ गवसणी. फार जुनी.' कुरकुर थांबली. उलट आता गवसणी बघायला वेगळी रांग लागली. ससे तिला बोट लावून बघायचे आणि म्हणायचे, "अगदी पक्ष्यासारखी वाटते."

ठकूबाई हलायची नाही.  रांग ओसरली की पंत आणि घोरपडबाई तिच्या दोन बाजूंना बसून गप्पा मारायचे. दोघांच्या गप्पांना एकच विषय होता.

"पारव्याचं अंडं जरा उग्र लागतं," पंत म्हणायचे.

"मोरणीचं जड पडतं," घोरपडबाई म्हणायची. "तितराचं बरं."

"या विद्येपायी खाणं राहिलं बघ. एखादं लावीचं मिळालं तर काय बहार येईल."

मधे बसलेली गवसणी हे सगळं ऐकायची आणि अजून घट्ट व्हायची.

इकडे बटणाची कीर्ती वाघोबामहाराजांच्या कानावर गेली. महाराजांना आनंद झाला. चंद्राचं बटण पडायचंच होतं तर शेजारच्या जंगलात पडलं असतं. पण पडलं आपल्याकडे. म्हणजे आपलं राज्य मोठं. ते स्वतः दर्शनाला येणार, असं जाहीर झालं. पंतांनी महाराजांना आणखी एक हुकूम सुचवला आणि तो लगेच दवंडी पिटून ऐकवला गेला : 'या बटणाला जो कोणी बटणाखेरीज दुसरं काही म्हणेल, त्याला महाराज न्याहारीला बोलावतील.'

न्याहारीचा अर्थ सगळ्यांना कळला.

त्या दिवशी दुपारी जनूभाऊ ठकूबाईसाठी गवताचं बी घेऊन आला. तो रोज आणायचा. ती जेवायला उठत नाही, हे फक्त त्याच्याच लक्षात आलं होतं. बी ठेवताना तो थबकला. त्याला दिसायचं कमी, पण कान तिखट होते.

"ठकूबाई, बटण बोलतंय."

 आतून पुन्हा बारीक आवाज आला. टक्, टक्, आणि मग 'टुई'.

"जनूभाऊ," ती म्हणाली, "ते बटण नाही. माझं अंडं आहे. तुम्ही माझ्या घरट्यातून उचलून आणलंत."

जनूभाऊ मटकन खाली बसला. बसल्यावर त्याचे सगळे काटे एकमेकांवर आपटून वाजले.

"मी उचललं? आईखालून?"

"मी वाळवी खायला गेले होते."

"मी उद्या महाराजांपुढे सांगतो. स्पष्ट सांगतो. हे अंडं आहे आणि ते ठकूबाईचं आहे. मग ते तुझं तुला परत मिळेल."

"मला नाही मिळणार. पंतांना मिळेल. आणि तुम्ही न्याहारीला जाल."

"पण मग खरं बोलायचंच नाही?"

"बोला की. पण पंत परगावी गेले की बोला."

जनूभाऊ जन्मात खोटं बोललेला नव्हता. कारण जन्मात त्याला कोणी काही विचारलंच नव्हतं.  "मला नाही जमायचं गं. महाराजांनी विचारलं तर माझ्या तोंडून निघून जाईल."

"मग विचारतील तेव्हा तोंड दुसऱ्या कशाने तरी भरा," ठकूबाई म्हणाली. तिच्या आवाजात पहिल्यांदाच कापरं आलं होतं. "माझं एकच आहे हो, जनूभाऊ."

दुसऱ्या दिवशी महाराज आले. पुढे कोल्ह्यांचे ढोल, मागे माकडांच्या कोलांट्या. सगळं जंगल लोटलं होतं. झाडांवर जागा उरली नव्हती, म्हणून काही माकडं एकमेकांवर बसली होती.

पंत पुढे झाले आणि डोळे मिटून वर्णन सुरू केलं. ते इतकं लांबलं की महाराजांनी दोनदा जांभई दिली आणि पुढच्या रांगेतले ससे दोनदा बेशुद्ध पडले.

"ती गवसणी काढा," महाराज म्हणाले.

ठकूबाईला उठावं लागलं. ती उठली. आणि त्याच क्षणी बटणाला तडा गेला. एक टवका उडाला. मग दुसरा. आतून ओलं, पिवळट, शेवग्याच्या शेंगेसारखे पाय असलेलं काहीतरी बाहेर आलं, धडपडलं, उभं राहिलं आणि महाराजांकडे बघून म्हणालं, "टुई."



"जनूभाऊ," महाराज म्हणाले, "तू आणलंस. हे काय आहे?"

जनूभाऊचे काटे थडथडू लागले. त्याने ठकूबाईकडे पाहिलं. ती धूसर दिसत होती, तरी तिचं तोंड कसं झालं असेल ते त्याला कळलं.

"महाराज," तो म्हणाला, "मी फक्त उचलून आणतो. वर्णन माझ्याकडे नाही. ते पंतांकडे."

आयुष्यात एवढं शहाणं वाक्य तो पुन्हा बोलला नाही.

महाराज पंतांकडे वळले. "पंत?"

पंतांनी डोळे उघडले. त्या वस्तूकडे त्यांनी प्रथमच पाहिलं. मग नाक खाली आलं आणि त्यांनी वास घेतला. बाळांनो, त्या क्षणी त्यांना सगळं कळलं. कवच कळलं, पिल्लू कळलं, गवसणीही कळली. आपण इतके दिवस लावीच्या अंड्याशेजारी बसून लावीच्या अंड्यावर हळहळत होतो, हेही कळलं. त्यांच्या तोंडाला असं पाणी सुटलं की ते पुढच्या पायांवर टपटपलं.

ठकूबाईने पंख पसरून पिल्लू मागे घेतलं. ती मुठीएवढी, समोर वाघ, मुंगूस आणि घोरपड. पण ती हटली नाही.

पंतांनी महाराजांकडे पाहिलं. मग त्यांना आपण सुचवलेली दवंडी आठवली.

एवढ्यात घोरपडबाई सरपटत पुढे आली. तिने जीभ काढली, आत घेतली, आणि तिचे डोळे चमकले. "अहो पंत, हे तर पिल्—"

पंतांनी तिच्या शेपटीवर पाय दिला. जोरात.

"पिळाचा," ते म्हणाले. "पिळाचा धागा आहे, महाराज. बटण म्हटलं की आत धागा असायचाच. तो सुटून बाहेर आला."

"धागा चालतो?"

"चंद्राचा चालतो."

"आणि 'टुई' करतो?"

पंतांनी आवंढा गिळला. "नवा असेपर्यंत करतो, महाराज."

ठकूबाईने संधी सोडली नाही. "महाराज, धागा सुटला म्हणजे चंद्राचा अंगरखा आता कशावर टिकणार? आज तो उगवला आणि अंगरखा गळून खाली आला, तर आपल्याच जंगलावर पडेल. सगळे आत गुदमरू. धागा आजच परत पोचवायला हवा."

महाराजांनी घाबरून वर पाहिलं. आपण घाबरलो हे कोणाला कळू नये म्हणून त्यांनी मोठ्याने हुकूम सोडला. गवसणीने धागा घेऊन तत्काळ निघावं. पंतांनी वेशीपर्यंत स्वतः पोचवायला जावं. वाटेत धाग्याच्या केसाला धक्का लागला, तर जबाबदार पंत.

अशी मिरवणूक निघाली. ढोल वाजत होते. मधोमध ठकूबाई आणि तिच्या मागे तुरुतुरु पळणारा धागा. आणि धाग्याच्या मागे, एकेक पाऊल मोजून टाकत, मुंगूसपंत. वाटेत एका कोल्ह्याने धाग्याकडे जरा निरखून बघितलं, तर पंत त्याच्यावर असे धावून गेले की तो ढोल टाकून पळाला. त्या पिल्लाला एवढा कडक पहारा पुन्हा कधी मिळाला नाही. त्याला त्याची जरूरही पडली नाही. माळाच्या कडेला पोचताच ठकूबाईने एक शीळ घातली आणि दोघंही उंच गवतात दिसेनाशी झाली.

गवतात खूप आत गेल्यावर ती थांबली. गळ्यातलं पळसाचं पान तिने चोचीने फाडून टाकलं. पिल्लू तिच्या पंखाखाली शिरलं.

"पिल्लू," ठकूबाई म्हणाली. आजूबाजूला कोणी नव्हतं. म्हणून तिने पुन्हा म्हटलं. "माझं पिल्लू."

संध्याकाळी पुनवेचा चंद्र उगवला. गोल, भरलेला, गळ्यापर्यंत बटणं लावलेला. सगळ्या जंगलाने पंतांच्या नावाने जयजयकार केला. जनूभाऊनेही केला. त्याला सगळं ठाऊक होतं, पण चंद्र खरोखरच छान दिसत होता. तेव्हापासून तो कोणतीही गोल वस्तू उचलण्याआधी तिला कान लावून विचारतो, "आत कोणी आहे का?" आणि थोडा वेळ वाट बघतो.

पंतांचा भर दरबारात सत्कार झाला. महाराजांनी त्यांना 'चांद्रवस्त्रविशारद' ही पदवी दिली. आणि त्यांच्या थोर सेवेची आठवण म्हणून बटणाची दोन्ही रिकामी टरफलं, शेवाळाच्या गादीसकट, जन्मभर उशाशी ठेवण्यासाठी बहाल केली. पंत रोज झोपताना त्यांचा वास घेतात. मग त्यांना झोप येत नाही.

तात्पर्य : विद्वानाने चारचौघांत केलेली चूक दुरुस्त करायची घाई करू नये. तिच्या आडोशाला बसून कोणीतरी आपलं अंडं उबवून घेत असतं.